नेतृत्वाचा रकाना

माणसांची पारख करणे हे ज्यांच्या नोकरीचेच एक अंग होऊन बसले आहे, त्या आम्हां सरकारी माणसांनी सुट्टीच्या दिवशी तरी या उद्योगापासून चार हात दूर राहावे, असे कोणीही म्हणेल. वर्ष संपले की हाताखालच्या डझन-दीड डझन माणसांचे मूल्यमापन अहवाल आमच्यापुढे येतात. कामाचा उरक, वर्तणूक, जबाबदारीची जाणीव, नेतृत्वगुण अशा एकेका रकान्यात १ ते १० यांपैकी एक अंक भरायचा आणि खाली सही करायची. त्याच सुमारास कोणी वरिष्ठ आमच्याविषयी हाच उपक्रम आटोपत असतो. इतके असूनही हिवाळ्यातला रविवार उजाडला, की आम्ही चौघे जण हॉकीच्या मैदानाची वाट धरतो आणि तेथे पायऱ्यांवर बसून, कोणी विचारलेले नसताना, पुन्हा तेच काम अंगावर घेतो. मैदानावर कोणी वीस वर्षांचा फॉरवर्ड दोघा-तिघांना चकवून गोल करतो, आणि चेंडू मध्यावर परत येण्याच्या आत आमच्यापैकी कोणीतरी त्याला भारताचा भावी कर्णधार करून मोकळा होतो.

आम्ही चौघे म्हणजे एक लेखापरीक्षक, एक रेल्वेवाले, एक टपाल खात्यातले, आणि आम्हां सर्वांत वडील असे अण्णा. अण्णा संरक्षण खात्याच्या हिशेब विभागातून निवृत्त झाले, पण दिल्ली त्यांना सोडवत नाही. ते मूळचे खडकीचे. आम्ही बाकीचे तिघे पुण्या-मुंबईकडच्या रीतीप्रमाणे क्रिकेटवर वाढलेलो. हॉकी आम्हांला लाभली ती बदलीच्या हुकुमाबरोबर. दिल्लीत नव्याने आलेल्या मराठी माणसाला कॅनॉट प्लेसच्या कडेला शिवाजी स्टेडियम ही पाटी दिसते आणि त्याचा ऊर भरून येतो. आत जाऊन पाहावे तो हॉकीचे मैदान! १९६४ साली सुरू झालेल्या नेहरू हॉकी स्पर्धेने त्या मैदानाला मोठे नाव मिळवून दिले होते. पलीकडे इंडिया गेटजवळच्या राष्ट्रीय मैदानाला २००२ पासून मेजर ध्यानचंदांचे नाव आहे. या दोन नावांच्या मध्ये कोठेतरी आमची हॉकीची गोडी वाढत गेली. अण्णांना मात्र ती वाढवावी लागली नाही. खडकीत दारूगोळ्याचा कारखाना, लष्करी छावणी आणि हॉकी ही तिन्ही एकाच हवेत वाढलेली आहेत.

गेल्या हिवाळ्यात आमच्या या निरुपद्रवी सवयीला एकाएकी वजन आले. आमच्या लेखापरीक्षकांच्या खात्याचा स्वतःचा हॉकी संघ आहे, आणि त्या संघाचा कारभार पाहणाऱ्या क्रीडा समितीवर लेखापरीक्षकांची नेमणूक झाली. त्या संघात झारखंडातल्या सिमडेग्याकडचा एक मुलगा खेळतो. वय विसाच्या आसपास. खेळाडूंच्या राखीव जागेवर लागलेला. नोकरी अद्याप परिवीक्षेवर. हंगामातल्या एका स्पर्धेत त्याने गोलांचा सपाटा लावला, तेव्हा समितीपुढे एक प्रस्ताव आला: पुढील हंगामापासून या मुलास संघाचा कर्णधार करावे, आणि सध्याचा कर्णधार, जो चौतिशीतला सेंटर हाफ आहे, त्यास ‘कार्यालयीन कामासाठी मोकळे करावे’. प्रस्तावावर प्रत्येक सदस्याने आपले मत लेखी द्यायचे होते. आपणांपैकी ज्यांनी सरकारी टिपणे लिहिली आहेत, त्यांना ‘मोकळे करावे’ या शब्दांचा अर्थ वेगळा सांगायला नको.

लेखापरीक्षकांनी हा प्रश्न आमच्यापुढे टाकला आणि सांगितले, “आता पुढचे तीन रविवार काय वाटेल ते बोलायचे नाही. जे पाहाल ते सांगायचे.” एरवी आमच्या भाकितांना कोणी विचारीत नव्हते, आणि त्यामुळे ती सुखाने करता येत होती. या खेपेस आमच्या बोलण्यातून एका मुलाच्या डोक्यावर ओझे येणार होते, आणि दुसऱ्या एका माणसाच्या हातातली काठी सुटणार होती.

पहिल्या रविवारी रेल्वेवाल्यांनी त्या मुलाच्या बाजूने जोरदार वकिली केली. त्यांचे म्हणणे असे, की वेग, चेंडूवरची पकड, गोलापुढे न डगमगणे, हे सारे त्याच्यापाशी आहे. संघ त्याच्याकडे पाहूनच खेळतो. मग नावाचा कर्णधार दुसरा ठेवून काय साधते? टपालवाल्यांचा आक्षेप असा, की गोल करणारा मनुष्य स्वभावतःच स्वार्थी असतो आणि असावाही. त्याला दहा जणांचा संसार सांगू नये. दोघेही तावातावाने बोलत होते. अण्णा मात्र दुर्बीण डोळ्यांना लावून भलतीकडेच पाहत होते. चेंडू एका टोकाला, अण्णांची दुर्बीण दुसऱ्या टोकाला. विचारले तेव्हा म्हणाले, “चेंडू त्याच्याजवळ असताना तो काय करतो, ते तुम्ही पाहताच आहात. आणि चेंडू त्याच्याजवळ असतो तरी किती वेळ? सबंध सामन्यात मिळून दोन-तीन मिनिटे. उरलेल्या वेळात तो काय करतो, ते मी पाहतो आहे.”

त्यानंतर आम्हीही तसेच पाहू लागलो, आणि जरा निराळाच खेळ दिसू लागला. फॉरवर्ड चेंडू हरवतो तेव्हा पुढची दोन-तीन पावले फार बोलकी असतात. काही जण कमरेवर हात ठेवून पंचाकडे पाहतात. काही जण मान खाली घालतात. आणि काही जण वळून, ज्याने चेंडू नेला त्याच्यामागे धावू लागतात. आमचा मुलगा धावत होता. आपण चेंडू मागण्याच्या मिषाने डाव्या कडेला पळावे, बरोबर एक बचाववाला ओढून न्यावा, आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुसऱ्याने घुसावे, ही चाल मात्र तो अर्ध्या वेळाच करीत होता. उरलेल्या वेळी जागा त्याला स्वतःसाठीच हवी असे. सहकाऱ्याने सोपा गोल चुकवला, तर तो आकाशाकडे पाहून काठी आपटी. चौतिशीतला सेंटर हाफ मागून येई आणि ज्याने गोल चुकवला त्याच्या पाठीवर थाप मारून जाई. लेखापरीक्षकांनी हे सर्व मिनिटांच्या आकड्यांसह वहीत टिपून घेतले.

दुसऱ्या रविवारी एक प्रसंग घडला. सामन्याच्या तिसऱ्या भागात पंचांनी आमच्या मुलाविरुद्ध निर्णय दिला आणि त्याने रागाच्या भरात चेंडू दूर टोलवला. पंचांनी हिरवे त्रिकोणी कार्ड दाखवले. या कार्डाची शिक्षा म्हणजे दोन मिनिटे मैदानाबाहेर. तेवढा वेळ संघ दहा जणांचा. त्या दोन मिनिटांत सेंटर हाफने काय करावे? स्वतः मागे सरकून त्याने बचावाची फळी भरली आणि चेंडू कडेकडेने खेळवीत घड्याळ काढले. गोल झाला नाही. मुलगा परत आला, तेव्हा सेंटर हाफ त्याला एक शब्दही बोलला नाही. पुढचाच चेंडू मात्र त्याच्याकडे दिला. टपालवाले म्हणाले, “याला म्हणतात शिस्तभंगाची कारवाई!” आम्ही हसलो खरे, पण आमच्या कचेऱ्यांत कारणे दाखवा नोटिसांचे जे ढीग साचतात, ते आठवून थोडे ओशाळलोही.

घरी परतताना गाडीत अण्णांनी विषय काढला तो धनराज पिल्लेचा. खडकीच्या वसाहतीत मोडक्या काठ्या आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन भावांबरोबर खेळलेला हा तमिळ घरातला मुलगा अण्णांना आपल्या गावचा वाटतो, आणि त्यात काही खोटे नाही. १९८९ साली दिल्लीत आशिया चषकाची स्पर्धा झाली, त्या वेळी धनराज भारतीय संघात नवखा होता आणि अण्णा दिल्लीत नवखे होते. त्याचा वेग पाहून प्रेक्षकांनी तेव्हाच त्याला डोक्यावर घेतले. पण आशियाई क्रीडासामन्यांत संघाचे नेतृत्व करून त्याने बँकॉकला सुवर्णपदक आणले ते १९९८ साली. १९६६ नंतर बत्तीस वर्षांनी ते पदक भारताला मिळाले होते. “म्हणजे नऊ वर्षे,” अण्णा म्हणाले, “आणि मधल्या काळात तो रागावायचा किती, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना विचारा.”

नऊ वर्षांच्या या हिशेबाने लेखापरीक्षकांची व्यावसायिक जिज्ञासा जागी झाली. पुढचा आठवडाभर त्यांनी जुन्या नोंदी चाळल्या आणि एक लहानसे कोष्टक करून आणले. ध्यानचंद ॲमस्टरडॅमच्या ऑलिम्पिकमध्ये प्रथम खेळले १९२८ साली. तेथे त्यांनी पाच सामन्यांत चौदा गोल केले. तरी त्या संघाचे कर्णधार होते जयपालसिंग मुंडा, आणि १९३२ साली लॉस एंजेलिसला लालशाह बुखारी. ध्यानचंद कर्णधार झाले ते १९३६ साली बर्लिनला: आठ वर्षांनी. बलबीरसिंग लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये प्रथम खेळले १९४८ साली. अंतिम सामन्यात ब्रिटनविरुद्धच्या चार गोलांपैकी दोन त्यांचे. ते कर्णधार झाले १९५६ साली मेलबर्नला: पुन्हा आठ वर्षे. राणी रामपाल वयाच्या चौदाव्या वर्षी, २००९ साली, भारताच्या संघात आली; तिच्याकडे संघाचे नेतृत्व आले २०१७ साली. हीही आठच. धनराजची नऊ. कुंवर दिग्विजयसिंग ‘बाबू’ तेवढे लंडननंतर चारच वर्षांनी हेलसिंकीला कर्णधार झाले. पण त्यांच्या उमेदीच्या काळातली दोन ऑलिम्पिके महायुद्धाने गिळली होती, हेही त्यांच्या खात्यात मांडले पाहिजे.

चार-पाच नावांवरून नियम बांधता येत नाही, हे लेखापरीक्षकांनी स्वतःच बजावले. तरी त्या आठ वर्षांत काय घडत असावे, याचा विचार आमच्या डोक्यातून जाईना. प्रतिभा तर पहिल्याच वर्षी सर्वांना दिसली होती. ध्यानचंदांना गोल करायला शिकण्यासाठी आठ वर्षे लागली असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

बर्लिनची हकिकत पाहावी. ऑलिम्पिकपूर्वीच्या सराव सामन्यात जर्मनीने भारताला ४–१ असे हरवले. कर्णधार ध्यानचंद जगातले सर्वश्रेष्ठ सेंटर फॉरवर्ड. आता मी अधिक गोल करीन, असे त्यांनी म्हटले असते तरी कोणी हरकत घेतली नसती. पण फॉरवर्डांच्या फळीत एक जागा कच्ची आहे हे ओळखले गेले, आणि अली दारा यांस मायदेशाहून तातडीने बोलावून घेण्यात आले. ते उपान्त्य सामन्याला हजर झाले. १५ ऑगस्ट १९३६ रोजी अंतिम सामन्यात मध्यंतराला भारताचा एकच गोल होता. शेवटी तोच सामना ८–१ असा जिंकला. स्वतःची काठी जादूची आहे असे जग म्हणत असता शेजारच्या काठीची उणीव ज्याला दिसते, तो फॉरवर्ड आता कर्णधार झाला, असे समजावे.

मेलबर्नला तर फॉरवर्ड-कर्णधाराची परीक्षा आणखी कठीण झाली. अफगाणिस्तानविरुद्ध पाच गोल केल्यावर बलबीरसिंगांच्या उजव्या हाताचे बोट मोडले. मधले सामने त्यांना बाहेर बसून पाहावे लागले. उपान्त्य आणि अंतिम सामन्यांत ते हाताला प्लॅस्टर असताना उतरले. ज्या माणसाने चार वर्षांपूर्वी हेलसिंकीच्या अंतिम सामन्यात सहापैकी पाच गोल एकट्याने केले होते, त्याला आता पाकिस्तानविरुद्ध गोल करण्याची आशा जवळजवळ सोडून खेळायचे होते. तो सामना भारताने १–० असा जिंकला. गोल केला रणधीरसिंग जंटल या बचाववाल्याने, पेनल्टी कॉर्नरवर. आणि हेलसिंकीच्या त्या पाच गोलांच्या दिवशी कर्णधार कोण होते? बाबू. पुढे मोकळ्या असलेल्या माणसाला नेमका चेंडू देणे ही त्यांची ख्याती. तेव्हा ज्याला पाच गोल करता येतात तो, आणि ज्याला दुसऱ्याचे पाच गोल पाहून समाधान वाटते तो, ही दोन माणसे एकाच संघात एकाच वेळी होती. चार वर्षांनी पहिल्यानेच दुसऱ्याची जागा घेतली.

राणी रामपालच्या कारकिर्दीत या दोन्ही गोष्टी आढळतात. हरियाणातल्या शाहाबाद मारकंडा येथे हातगाडी ओढणाऱ्या बापाच्या घरी ती वाढली. २०१० साली अर्जेंटिनात रोसारिओ येथे झालेल्या विश्वचषकात, पंधरा वर्षांची असताना, तिने सात गोल केले आणि उदयोन्मुख खेळाडूचा मान मिळवला. २०१९ च्या नोव्हेंबरात भुवनेश्वरला ऑलिम्पिक पात्रतेचा दुसरा सामना होता. पहिला भारताने अमेरिकेविरुद्ध ५–१ असा जिंकलेला. दुसऱ्यात अमेरिकेने मध्यंतरापर्यंतच चार गोल करून सगळा हिशेब बरोबरीवर आणला. तेव्हा कर्णधार राणीनेच अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला गोल केला आणि दोन सामने मिळून ६–५ अशा फरकाने संघ टोकिओला पोहोचला. टोकिओत २ ऑगस्ट २०२१ रोजी ऑस्ट्रेलियाला १–० असे हरवून आमच्या मुलींनी प्रथमच ऑलिम्पिकची उपान्त्य फेरी गाठली, तो गोल मात्र गुरजित कौरचा, पेनल्टी कॉर्नरवर. मेलबर्नमध्ये झाले होते तेच येथे झाले: फॉरवर्ड कर्णधार, बचाववालीचा गोल, आणि संघाचा विजय. अशा वेळी कर्णधार गोलाच्या यादीत सापडत नाही. तो सापडतो ती यादी छापली जात नाही.

यावर रेल्वेवाल्यांनी एक चांगला मुद्दा काढला. १९४८, १९५२ आणि १९५६ या तिन्ही ऑलिम्पिकांत भारताचे कर्णधार फॉरवर्ड होते: किशनलाल उजव्या कडेचे, मग बाबू, मग बलबीर. त्यानंतर क्लॉडियस, चरणजितसिंग, अजितपालसिंग, भास्करन असे हाफ बॅक आले. अलीकडे २०१६ साली गोलरक्षक श्रीजेश, टोकिओला मनप्रीतसिंग, आणि २०२४ साली पॅरिसला बचाववाला हरमनप्रीतसिंग. मधे १९८४ च्या जफर इक्बालांसारखा फॉरवर्ड एखादाच. हे असे का? रेल्वेवाल्यांचे उत्तर यंत्राच्या माणसाला शोभेसे होते. पूर्वी पाच फॉरवर्डांची ओळ सबंध सत्तर मिनिटे मैदानावर असे. कर्णधार कोठेही असला तरी नजरेसमोर असे. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिम्पिकपासून कृत्रिम मैदान आले आणि धाव वाढली. १९९२ पासून वाटेल तेव्हा वाटेल तितक्या वेळा खेळाडू बदलण्याची मुभा मिळाली. १९९८ साली ऑफसाइडचा नियम गेला. आता पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार भागांत फॉरवर्ड थोडा वेळ जीव तोडून धावतो आणि बाकावर येऊन बसतो. पुन्हा उठतो, पुन्हा बसतो. बचाववाला मात्र बहुतेक वेळ मैदानावर असतो आणि सगळा खेळ त्याच्या डोळ्यांपुढे असतो. फॉरवर्डची पाठ निम्म्या संघाकडे असते. “जो स्टेशनावर असतो त्याला स्टेशनमास्तर करतात,” रेल्वेवाले म्हणाले, “मग इंजिन कितीही जोरात का पळेना!” म्हणजे ज्याची वकिली त्यांनी पहिल्या रविवारी केली, त्याच्यापुढचा डोंगर त्यांनीच आम्हांला नीट दाखवला.

तिसऱ्या रविवारी लेखापरीक्षक त्या मुलाशी बोलले. समितीचे सदस्य म्हणून त्यांना तो अधिकार होता, आणि आम्ही चहाचे पेले घेऊन जवळच उभे होतो. कर्णधार व्हायला आवडेल काय, असे त्यांनी विचारले. मुलगा घाम पुसत थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, कप्तान को कुछ भत्ता मिलता है क्या?” टपालवाल्यांच्या कपाळावर आठी पडली. लेखापरीक्षकांनी सांगितले, की भत्ता वगैरे काही नाही. तेव्हा तो म्हणाला, की असेना. घरी पैसे पाठवावे लागतात म्हणून विचारले. मग आपण होऊनच त्याने विचारले, “और दादा कहाँ जाएँगे?” दादा म्हणजे तो सेंटर हाफ. त्याला टेबलावर बसवणार हे या मुलाला कोणीतरी सांगितले होते, आणि ते त्याला पटले नव्हते.

परतीच्या वाटेवर टपालवाले भत्त्याच्या प्रश्नावर फार नाराज होते. ध्येयवाद कोठे गेला, असे त्यांचे म्हणणे. अण्णा एरवी शांत, पण त्या दिवशी चिडले. “अहो, राणी रामपालला लहानपणी अर्धा लिटर दूध न्यायला सांगितले, तर घरी तेवढे नव्हते म्हणून ती त्यात पाणी घालून न्यायची. तिने दूध मोजले, याने पगार मोजला. घरच्या चार माणसांचा हिशेब ज्याच्या डोक्यात आहे, त्याच्या डोक्यात मैदानावरच्या दहांचा हिशेब उद्या बसू शकेल. बसेलच असे मी म्हणत नाही. पण तुम्ही कोऱ्या पाटीवर लिहायला निघाला आहात, असे समजू नका.”

आता टिपण लिहायचे होते. लेखापरीक्षकांनी पहिला मसुदा आम्हांला वाचून दाखवला. त्यात एक वाक्य असे होते: ‘सदर खेळाडूच्या अंगी नेतृत्वगुण उपजत असल्याचे दिसून येते.’ अण्णांनी ‘उपजत’ या शब्दावर बोट ठेवले. उपजत म्हटले, की वाट पाहायचे कारण उरत नाही. आणि उद्या तो एखाद्या सामन्यात चुकला, की हीच समिती म्हणणार, गुण उपजत होते ते गेले कोठे? शिवाय आता हे लिखाण कपाटात राहत नाही. देव दत्त यांच्या खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की अहवालातली प्रत्येक नोंद ज्याच्याविषयी आहे त्याला कळवली पाहिजे. त्यानंतर आपण जे लिहितो ते त्या माणसाच्या हाती पडते. या टिपणाला तो नियम लागू नसेल, पण संघातल्या गोष्टी पायाने चालत खेळाडूंच्या खोलीपर्यंत जातात. मुलगा ते वाचील, आणि सेंटर हाफही वाचील. दोघांनाही ते तोंडावर सांगता येईल, असेच लिहिले पाहिजे.

पहिल्या मसुद्याची पाने फाडली आणि दुसरा मसुदा तीन रविवारांच्या वहीवरून तयार झाला. त्यात विशेषणे फार थोडी होती. चेंडू हरवल्यावर खेळाडू परत धावतो. सहकाऱ्यासाठी जागा मोकळी करण्याची चाल त्याला येते, पण तो ती नेहमी करीत नाही. सहकाऱ्याच्या चुकीवर राग दाखवतो. एकदा हिरवे कार्ड मिळाले. परत आल्यावर शिस्तीने खेळला. वरिष्ठ खेळाडूविषयी त्याला आस्था आहे. यापुढे शिफारस अशी: कर्णधारपद सध्याच्या सेंटर हाफकडेच दोन हंगाम ठेवावे, मुलास उपकर्णधार नेमावे, मैदानाबाहेर बसण्याच्या वेळात दोघांनी एकत्र बसावे आणि प्रशिक्षकांनी चालींच्या चर्चेत मुलाचे मत प्रथम विचारावे, सेंटर हाफला ‘मोकळे’ करण्याऐवजी दोन हंगामांनंतर प्रशिक्षणाच्या शिक्षणक्रमाला पाठवावे. आणि परिवीक्षा पूर्ण करण्याच्या बाबतीत केवळ गोलांची संख्या पाहू नये.

शेवटच्या कलमावर आम्ही बराच वेळ थांबलो होतो. नोकरी टिकण्याचे भय डोक्यावर असले, म्हणजे फॉरवर्ड दुसऱ्याला चेंडू कशाला देईल? त्याचा हिशेब गोलांवर मांडला जाणार असेल, तर तो गोलच गोळा करणार. आमच्या कचेऱ्यांतही ज्याला निकालात काढलेल्या फायलींच्या आकड्यावर गुण मिळतात, तो सोप्या फायली आपल्या टेबलावर ओढतो आणि अवघड फाइल शेजाऱ्याकडे सरकवतो. त्याला पुढे विभागप्रमुख केले, की तो सबंध विभागाला हेच शिकवतो. पुढारी हवा असेल, तर तो होण्याआधीची काही वर्षे त्याच्या इतर कामाची किंमत कोणीतरी धरली पाहिजे. आणि ते काम वरून पाहणाऱ्यांचे आहे, धावणाऱ्याचे नव्हे.

येथे जयपालसिंग मुंडांची आठवण निघावी हे साहजिक होते, कारण तेही झारखंडचेच. ऑक्सफर्डला शिकलेला हा तरुण आय.सी.एस.साठी निवडला गेला होता. ॲमस्टरडॅमला जाण्यासाठी त्याला रजा मंजूर झाली नाही, तरी तो गेला. आणि परतल्यावर उमेदवारीचे वर्ष पुन्हा काढण्याची अट पडली, तेव्हा त्याने ती नोकरीच सोडली. आपल्यासारख्यांना रजेच्या अर्जावरून स्वतःचे काही प्रसंग आठवतील. पण त्या वेळी ज्या कोणी त्याच्या अहवालात नेतृत्वाचा रकाना भरला असेल, त्याने काय लिहिले असेल, याची आम्हांला फार उत्सुकता वाटते. त्याच सिमडेग्याकडची सलीमा टेटे २०२४ साली भारतीय महिला संघाची कर्णधार झाली. त्या प्रदेशातून माणसे येतात हे नक्की आहे. ती कोणत्या वर्षी तयार होतात, ते आमच्या टेबलावर ठरत नाही.

समितीने टिपण बहुमताने स्वीकारले. सेंटर हाफ कर्णधार राहिला. मुलाला उपकर्णधार केल्याचे पत्र मिळाले, त्यात भत्त्याचा उल्लेख अर्थातच नव्हता. या हंगामात त्याचे गोल गेल्या हंगामापेक्षा कमी झाले. हे पाहून समितीतले एक सदस्य लेखापरीक्षकांना म्हणाले, की तुमचा फॉरवर्ड उतरणीला लागला. लेखापरीक्षकांनी वही उघडून त्याने दुसऱ्यांसाठी मोकळ्या करून दिलेल्या जागांचा आकडा दाखवला. तो आकडा कोणत्याही कोष्टकात बसत नसल्यामुळे सदस्यांचे समाधान झाले नाही. अण्णांचे झाले. तो मुलगा पुढे कोणाचा कर्णधार होईल, खात्याचा, राज्याचा की आणखी कोठला, यावर आमचे चौघांचे अजून एकमत नाही, आणि रविवारच्या गप्पांना तेवढा विषय उरला हे बरेच झाले. आठ वर्षांपैकी त्याचे एक वर्ष संपले आहे.